मदत हवी आहे: मोहरीतल्या वर्की जनुकांचा आकडा जुळत नाही

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याकडची, सध्या राजस्थानात पीएचडी करतेय. विषय मोहरीवरचा अल्टरनेरिया करपा, म्हणजे अल्टरनेरिया बुरशीचा रोग. पानावर गोल गोल वलयांचे डाग पडतात ना, तोच. या रोगाशी संबंध असलेली वर्की कुळातली (इतर जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं बनवणारी) जनुकं शोधायची आहेत, आणि मी पहिल्याच पायरीवर अडकलेय.

वरुणा वाणाची सगळी प्रथिनं घेतली, पीफॅम या प्रथिन-कुळांच्या संग्रहातला वर्की डोमेनचा (प्रथिनातल्या ओळखीच्या भागाचा) नमुना लावून हमर हे शोधाचं सॉफ्टवेअर चालवलं. अरॅबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातली, अभ्यासासाठी वापरतात ती छोटी वनस्पती) ही जनुकं सत्तरच्या थोडी वर. ब्रासिकाच्या (मोहरी-कोबीच्या गटाच्या) पूर्वजात सगळा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तिप्पट झाला, त्यात आपली मोहरी तोरिया ('ए' जीनोम) आणि काळी मोहरी ('बी' जीनोम) यांच्या संकरातली, 'ए'ची १० आणि 'बी'ची ८ गुणसूत्रं घेऊन आलेली. सरळ सहापट (तिप्पट, तेही दोन्ही जीनोममध्ये) धरली तर चारशेच्या वर जायला हवं. माझी यादी तीनशेच्या आतच संपते. मी जास्त गाळलं का?

शिवाय काही प्रथिनं फार छळतायत. एकात 'डब्ल्यू-आर-के-वाय-जी-क्यू-के' या वर्कीच्या ओळखीच्या अमिनो आम्लांच्या क्रमात 'क्यू' जाऊन 'के' आलाय. दुसरं जेमतेम ८४ अमिनो आम्लांचं, प्रथिनाची सुरुवात ज्याने होते ते मेथिओनिनच नाही, डोमेन अर्ध्यातून सुरू होतं. ठेवू की काढू?

आणि क्यूपीसीआरसाठी (जनुक किती चालू आहे ते मोजायची चाचणी) 'ए' आणि 'बी'ची जोडजनुकं, म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्हीकडच्या प्रती, वेगळी कशी ओळखायची? मेल्ट कर्व्हला (तापवल्यावर डीएनए कुठे सुटतो त्याचा आलेख) शिखर एकच येतं, पण माझी खात्री पटत नाही.

प्रतिसाद:

ताई, सहापट हा हिशेबच सोडा. तिप्पट झाल्यानंतर ब्रासिकाने बऱ्याच प्रती गमावल्या, त्यामुळे आकडा कमी येणारच. एमसीस्कॅनएक्स हे जीनोम जुळवून पाहायचं सॉफ्टवेअर लावून अरॅबिडॉप्सिसच्या कुठल्या जनुकासमोर कुठली प्रत उरली ते बघा, म्हणजे खरी गळती आणि तुमची चूक वेगळी होईल. एकाच जनुकाची अनेक प्रथिनरूपं नोंदलेली असतील तर सगळ्यात लांब एकच मोजा.

'के'वाला ठेवा, तो प्रकार इतर वनस्पतींतही दिसतो. फक्त पुढची झिंक फिंगर (जस्ताला धरणारा डोमेनचा भाग) शाबूत आहे ना ते डोळ्यांनी तपासा. ८४वाल्याच्या सुरुवातीच्या आधीचा काही हजार बेसचा डीएनए क्रम काढून पाहा, अनेकदा पहिला एक्सॉन (जनुकाचा प्रथिन सांगणारा तुकडा) नोंदवायचाच राहिलेला असतो. तिथे आरएनए-सेकची रीड्स (पेशीतल्या आरएनएचे वाचलेले तुकडे) बसली तर जनुकाची नोंद स्वतः दुरुस्त करा, घाईने फेकू नका.

मेल्ट कर्व्हवर विसंबू नका, दोन्ही प्रती जवळजवळ सारख्या असल्या तर शिखर एकच दिसू शकतं. प्रायमर (चाचणीत जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) ३ प्राइम यूटीआरमधून, म्हणजे जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागातून घ्या, तिथे फरक जास्त सापडतो. मग तोरिया आणि काळी मोहरी यांच्या डीएनएवर चालवा. 'ए'चा प्रायमर काळ्या मोहरीवर बँड देता कामा नये. शेवटी तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवा.

धागाकर्ती:

खूप आभार! यूटीआरचं डोक्यातच आलं नव्हतं. ८४वाला आजच उघडते. तोरियाचं बी आमच्याकडे आहे, काळ्या मोहरीचं शुद्ध बी मात्र नाही. उत्तरेत तिला बनारसी राई म्हणतात. कुणाच्या प्रयोगशाळेत असेल तर कृपया इथेच सांगा, पेरणीआधी डीएनए काढायचाय.