मधुमेही रॅटच्या स्नायूत पाचही बँड फिके – थीसिसमध्ये लिहू काय?

पोटरीवाली: नमस्कार मंडळी. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय. रॅटना आधी चरबीयुक्त खाद्य, मग कमी डोसचं स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह घडवणारं रसायन). पोटरीच्या स्नायूचं (गॅस्ट्रोक्नेमियस) वेस्टर्न ब्लॉट केलं (यात प्रत्येक प्रथिनाचा एक पट्टा, म्हणजे बँड दिसतो; प्रथिन कमी तर बँड फिका), ऑक्सफॉसचं, म्हणजे माइटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांचं, पाच अँटिबॉडींचं तयार कॉकटेल लावून. मधुमेही गटात पाचही बँड कंट्रोलपेक्षा फिके. गाइड मॅडम म्हणतात, "माइटोकॉन्ड्रिया बिघडले असं लिही आणि चॅप्टर संपव." मला ते पचत नाहीये. प्रत्येक माइटोकॉन्ड्रियात खोट आहे, की मुळात माइटोकॉन्ड्रियाच कमी आहेत? नॉर्मलायझेशन जीएपीडीएचवर आहे, म्हणजे सगळीकडे सारखंच असतं असं धरलेल्या त्या प्रथिनाशी बँडची तुलना केलीय. व्हायवात कोणी खोदून विचारलं तर?

जुनं खोड: मधुमेही स्नायूत जीएपीडीएच? अहो, ते स्वतःच ग्लुकोज फोडणाऱ्या साखळीतलं एन्झाइम! पाँसोनं (सगळीच प्रथिनं रंगवणारा रंग) रंगवलेल्या ब्लॉटचा फोटो असेल तर तो मोजा. मग त्याच लायसेटवर (स्नायूच्या अर्कावर) माइटोकॉन्ड्रियाच्या व्हीडॅक या प्रथिनाची अँटिबॉडी लावा, जमलं तर तिथल्याच सायट्रेट सिंथेज या एन्झाइमची अॅक्टिव्हिटीही; माइटोकॉन्ड्रिया एकूण किती, ते यांवरून कळतं. ही दोन्ही त्याच प्रमाणात उतरली, तर माइटोकॉन्ड्रियाच कमी. ही जागेवर आणि ऑक्सफॉस खाली, तर आतली खोट. शिवाय तुमच्या पाच प्रथिनांत एमटीसीओ१ एकटंच माइटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतं, बाकी चौघांचे जीन्स केंद्रकात. ते एकटं पडलं असतं तर शोध वेगळ्या दिशेनं गेला असता. सँपल उकळत नाही ना? उकळलं की एमटीसीओ१च्या गुठळ्या होतात आणि बँड गायब.

पोटरीवाली: छे, ३७ अंशच. लॅबमध्ये तशी पाटीच आहे. व्हीडॅक शेजारच्या लॅबकडे मागते. पण माणसांत तरी मधुमेहात ऑक्सफॉस 'कमी होतं' हे पक्कं ना?

मांडी_बायोप्सी: तेवढं सरळ नाही. २००३ मध्ये मूथा आणि मंडळींनी दाखवलं की मधुमेहींच्या स्नायूत ऑक्सफॉसचा एकेक जीन पाहिला तर फरक ठरत नाही, सगळे मिळून पाहिले तर साधारण २० टक्के उतार. पण ते एमआरएनए (प्रथिन बनवायचा जीनवरून उतरवलेला संदेश), प्रथिनं नव्हेत. मग २००८ मध्ये मेयो क्लिनिकच्या श्रीकुमारन नायर यांच्या गटानं अमेरिकेतले भारतीय तपासले, मधुमेही १३ आणि बिनमधुमेही १३, सोबत युरोपीय वंशाचे १३. भारतीयांत इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही नीट लागू न पडणं) जास्त, आणि तरीही माइटोकॉन्ड्रियाची एटीपी (पेशीचं इंधन) बनवायची क्षमता जास्तच! मधुमेही आणि बिनमधुमेही भारतीयांत तर त्या बाबतीत फरकच नाही. माइटोकॉन्ड्रिया मंदावतात म्हणून इन्सुलिन लागू पडत नाही, हे समीकरण आपल्याच लोकांवर अडतं. डिस्कशनमध्ये हा पेपर हवाच.

आणखी एक. स्ट्रेप्टोझोटोसिननं इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारल्यात. स्नायूत माइटोकॉन्ड्रियाची प्रथिनं बनायला इन्सुलिनचा हातभार लागतो. तुमचे बँड रेझिस्टन्सनं फिके की इन्सुलिनच्या तुटवड्यानं? सीरम इन्सुलिन मोजलंय का?

सोलियस: पोटरीचा लाल भाग (माइटोकॉन्ड्रिया जास्त) घेतला की पांढरा (कमी)? तेवढ्यानंच बँड दुप्पट-निम्मे होतात.

पोटरीवाली: अख्खा स्नायू द्रव नायट्रोजनमध्ये कुटून पूड केलीय, प्रत्येक रॅटची वेगळी. सीरम ठेवलंय, इन्सुलिनचं किट मागवते. सायट्रेट सिंथेजसाठी दुसऱ्या पायाची पोटरी उणे ८० मध्ये आहे, सोमवारी काढते. तोवर चॅप्टरमध्ये 'प्रथिनांचं प्रमाण घटलं' एवढंच. मॅडमना नायरांचा पेपर आजच पाठवला, उत्तर आलं की टाकते इथे.