आईचा टीएसएच: डोस वाढवल्यावर रक्त पुन्हा कधी द्यायचं?

मंडळी, मदत हवी आहे. आई अमळनेरला असते, वय 67. थायरॉक्सिनची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, 75 मायक्रोग्रॅम. एप्रिलमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो हार्मोन) 9.2 निघाला म्हणून डॉक्टरांनी 88 ची दिली. तीनच आठवडे झाले अन् शेजारच्या मावशींचं ऐकून तिने भलत्याच लॅबमध्ये रक्त दिलं. आला 7.8. आता रोज फोनवर एकच पालुपद: "शंभरनी गोयी लई ये."

माझ्या समजुतीप्रमाणे या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो आणि टीएसएच त्याच्याही मागून हलतो. म्हणून डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवडे थांबायचं. मग हा 7.8 धरायचाच नाही ना?

दुसरी शंका गोळ्यांच्या बाटलीची. ती चुलीमागच्या कोनाड्यात असते, वर पत्रे. आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. उष्णतेने आणि ओलीने गोळी कमजोर पडते म्हणतात. तुम्ही कुठे ठेवता?

आणि रक्त द्यायच्या दिवशी गोळी आधी घ्यायची की नंतर?

प्रतिसाद (नंदुरबार): दादा, 7.8 वरून डोस ठरवू नका. खाली येतोय, येऊ द्या. जूनमध्ये पहिल्याच लॅबमध्ये सकाळीच रक्त द्या, कारण दुपारी टीएसएच थोडा कमी येतो. गोळी रक्त दिल्यावर. आधी घेतली तर फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) काही तास वाढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद. त्याने टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. बाटली चुलीपासून आजच हलवा, आतल्या खोलीत कपाटात ठेवा. या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडंही ठिसूळ होतात, तेव्हा शंभरची परस्पर आणू नका. कॅल्शियमची गोळी घेतात का?

धागाकर्ता: घेते की! सकाळी चहाबरोबरच, थायरॉइडच्या गोळीमागे दहा मिनिटांत.

प्रतिसाद (नंदुरबार): मग गोम तिथेच असेल. कॅल्शियम आणि लोह चार तासांच्या अंतराने. चहासुद्धा निदान अर्ध्या तासाने. हे जमवून मगच सहा आठवडे मोजा, आणि वेळ बदलल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ता: कॅल्शियम दुपारच्या भाकरीनंतर देऊ. चहाचं मात्र आईशी तुम्हीच बोला!