सोसायटीच्या टँकरची नोंद ठेवायला ॲप हवंय. तयार मिळेल का, की स्वतः शिकून करू?

कासारवडवलीकर:

नमस्कार मंडळी, दोन प्रश्न आहेत पण एकातूनच दुसरा निघालाय म्हणून एकत्र विचारतो.

मी घोडबंदर रोडला राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत, अकाउंट्सला. या वर्षी सोसायटीची खजिनदारकी माझ्याकडे आलीय आणि आमच्या इथे उन्हाळा लागला की टँकर चालू होतात, हे या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. टँकर कधी आला, गाडी नंबर काय, पूर्ण भरलेला होता का, हे वॉचमन रजिस्टरमध्ये लिहितो आणि महिनाअखेर बिल आलं की मी आणि सेक्रेटरी ते रजिस्टर उघडून बसतो. निम्म्या नोंदींना वेळच नाही, कुठे ड्रायव्हरनेच सही केलेली, कुठे दोन टँकर एकाच ओळीत. बिल खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, पण सभेत कोणी विचारलं तर मला हिशोब दाखवता आला पाहिजे, लोकांचे पैसे आहेत.

एक ॲप टाकून बघितलं तर त्याने पहिल्याच स्क्रीनला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन मागितलं आणि प्रत्येक नोंदीनंतर जाहिरात. काढून टाकलं. तर पहिला प्रश्न, अशी साधी कामाची ॲप्स शोधायची कशी, चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न, मला हे स्वतः बनवायला शिकायचंय. मी कॉमर्सचा, पण एक्सेलमध्ये मॅक्रो लिहितो, त्यामुळे अगदीच कोरा नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. स्टेशनजवळच्या एका क्लासने सहा महिन्यांचे चाळीस हजार सांगितले, आणि ते पण आधी सगळे भरा म्हणे. वय चाळीशीला टेकलंय, रात्री दहानंतर तासभर मिळतो. कुठून सुरू करू?


अँड्रॉइडवाला_ऐरोली:

दादा, चाळीस हजार भरू नका. आधी हे वाचा.

मी बरीच वर्षं ऐरोलीत अँड्रॉइडवरच काम करतो, ज्युनिअर मुलांना शिकवतो पण. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी क्लासला जाणाऱ्या बहुतेक मुलांकडे नसते, ती म्हणजे खरा प्रॉब्लेम आणि ते ॲप रोज वापरणारा खरा माणूस. टू-डू लिस्ट बनवून कोणी शिकत नाही कारण ती लिस्ट कोणालाच नको असते. तुमच्या ॲपवर वॉचमन वैतागला तर तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगेल.

भाषा कोटलिन घ्या. २०१७ साली गूगलने अँड्रॉइडसाठी ती अधिकृत केली आणि २०१९ पासून गूगल म्हणतंय की आधी कोटलिन, मग जावा. स्क्रीन बनवायला आता जेटपॅक कंपोज वापरतात, ते फक्त कोटलिनमध्येच चालतं. गूगलचाच 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' नावाचा कोर्स आहे, फुकट आहे आणि अगदी पहिल्यापासून आहे, तोच धरा. यूट्यूबवर शोधाल तर तारीख बघितल्याशिवाय व्हिडिओ लावू नका. ज्या व्हिडिओत एसिंकटास्क शिकवतायत तो सरळ बंद करायचा, ती पद्धत अँड्रॉइड ११ पासून मोडीत काढलीय. नवीन माणसाचे महिने असल्या जुन्या व्हिडिओंमध्ये जातात, ते बघून जीव तुटतो.

८ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) चालतो, पण एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, लावला की लॅपटॉप गुदमरतो. तर एमुलेटर लावूच नका, स्वतःचा फोन जोडा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' मध्ये जायचं, तिथे 'बिल्ड नंबर' शोधायचा (काही फोनमध्ये तो अजून आत लपवलेला असतो) आणि त्याच्यावर सात वेळा टॅप करायचं, मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे लॅपटॉपवरून ॲप थेट फोनवर टाकून तपासता येतं. फोन लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदला, बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबल भरपूर आहेत, त्यात डेटाच्या तारा नसतातच, आणि लोक ड्रायव्हर शोधत रात्र काढतात. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन असेल तर वायफायवरून पण जोडता येतो. काम झालं की डीबगिंग बंद करा, काही बँकांची ॲप्स ते चालू असताना उघडत नाहीत.

आता तुमच्या ॲपबद्दल. सगळ्यात आधी पंपरूमजवळ जाऊन फोनवर नेटवर्क येतं का बघा. बहुतेक नसेल. म्हणजे नोंद आधी फोनमध्येच सेव्ह व्हायला हवी आणि नेट आलं की पुढे जायला हवी. फोनमधल्या साठवणुकीला रूम नावाची लायब्ररी आहे, ती खाली एसक्यूलाइट डेटाबेस वापरते, आणि नंतर पाठवायला वर्कमॅनेजर. लोकलमध्ये एम-इंडिकेटर लोक का उघडतात, कारण कळवा-मुंब्र्याच्या मध्ये रेंज गेली तरी टाइमटेबल दिसतं. ते तत्त्व पहिल्या दिवसापासून धरा, नंतर घुसवायला फार त्रास होतो.

वेळ वॉचमनला टाइप करायला लावू नका, बटण दाबलं की फोनचीच तारीख-वेळ पडली पाहिजे. आणि पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट दिसेल, अर्धी नोंद भरली आणि फोन आडवा केला की भरलेलं सगळं गायब. अँड्रॉइड फोन फिरवल्यावर ती स्क्रीन पाडून नव्याने उभी करतो म्हणून तसं होतं. तिथे कंपोजमध्ये भरलेलं लक्षात ठेवायला रिमेंबर ऐवजी रिमेंबर-सेव्हेबल वापरायचं. हे का होतं ते नीट समजून घ्या, अँड्रॉइडमधल्या निम्म्या डोकेदुखीचं मूळ तिथे आहे.


कोपरखैरणेची_मृणाल:

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, कारण घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या फोनवर ॲप टाकायचं काम माझ्याकडेच असतं.

प्ले स्टोअरवर रेटिंग बघून काही कळत नाही. मी आधी बघते ॲप बनवलंय कोणी, शेवटचं अपडेट कधीचं, आणि परमिशन काय काय मागतंय. टँकरची नोंद ठेवणाऱ्याला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? तुम्ही काढून टाकलंत ते अगदी बरोबर केलंत. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी याच वाटेने लोकांना छळलंय, नातेवाईकांना फोन करून बदनामी करायची. ३१ मे २०२३ पासून गूगलने पर्सनल लोनच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो घ्यायला बंदी केली, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलला (प्ले स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाइल) ते नियम लागत नाहीत. वीज कापणार, चलान भरा असं सांगून जी फाइल येते ती कधीच उघडायची नाही, आणि कोणी फसलंच तर लगेच १९३० ला फोन करायचा, तासाभरात केला तर पैसे अडवायची शक्यता जास्त असते.

सरकारी कामाला आमच्या घरी डिजिलॉकर आणि उमंग, बाबांचं पीएफ पासबुक उमंगवर दिसतं. नाव अगदी तसंच असलेली नकली ॲप्स खूप आहेत म्हणून ती त्या त्या खात्याच्या वेबसाइटवरच्या लिंकवरूनच घ्यायची, सर्च करून नाही.

आणि एक जागा जी लोकांना माहीतच नसते, एफ-ड्रॉइड. २०१० पासून आहे, तिथे फक्त ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली ॲप्स मिळतात, आणि कुठलं ॲप जाहिरात दाखवतं किंवा माग काढतं ते पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. फॉसिफाय नावाने कॅलेंडर, नोट्स, गॅलरी अशी साधी ॲप्स आहेत, एकही जाहिरात नाही. त्याची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. आधी ती 'सिंपल' नावाची ॲप्स होती, २०२३ मध्ये ती एका कंपनीला विकली गेली, पण कोड खुला होता म्हणून आधीपासून त्यावर काम करणाऱ्यांनी तोच कोड घेऊन फॉसिफाय चालू केलं. तुम्हाला शिकायचंय ना दादा, मग हे तुमच्या दुप्पट कामाचं आहे. रोज वापरताय त्याच ॲपचा कोड उघडून बघता येतो, आणि ती कोटलिनमध्येच आहेत.


शाळा_सेक्टर९_वाशी:

मी शाळेत आयटी शिकवते. वर सरांनी सांगितलंय ते योग्यच आहे पण मी त्याच्या आधी एक पायरी सुचवेन, एमआयटी ॲप इन्व्हेंटर. ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करायचं नाही, त्यामुळे तुमचा लॅपटॉप कसाही असला तरी चालेल. ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम करायचा, फोनवर त्यांचं कंपॅनियन ॲप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की तुम्ही लॅपटॉपवर जे बदलता ते लगेच फोनवर दिसतं. आमची आठवीची मुलं यावर ॲप करतात आणि 'बटण दाबल्यावर काय व्हावं' हा विचार त्यातून पक्का होतो. टायनीडीबी नावाचा ठोकळा आहे, त्याने नोंदी फोनमध्येच राहतात. तुमचं पहिलं कच्चं रूप शनिवार-रविवारात उभं राहील आणि वॉचमनच्या हातात देऊन बघता येईल.

इंग्रजी कोर्स जड वाटला तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, प्रोग्रामिंगचे काही धडे मराठी आवाजात आहेत. छोटे व्हिडिओ असतात, थांबवायचा, स्वतः करून बघायचं, मग पुढे.


अँड्रॉइडवाला_ऐरोली:

मॅडमचं म्हणणं पटलं. मॅक्रो लिहिणाऱ्याला ठोकळ्यांचा कंटाळा लवकर येईल असं मला वाटतं, पण कच्चं रूप करायला त्याच्यासारखं काही नाही. तेवढ्यापुरतं नक्की वापरा.


कासारवडवलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, क्लासचा विषय डोक्यातून काढलाय. केबल पण बदलली, आता फोन दिसतोय.

मॅडम, तुमचं ऐकून एक स्क्रीन केली आणि वॉचमनला दाखवली. तो म्हणाला साहेब, गाडी नंबर टाइप करायला लावू नका, त्याच चार गाड्या येतात, त्यांची बटणंच द्या. आणि अक्षरं मराठी पाहिजेत, मोठी. हे मला घरी बसून सुचलं नसतं.

आता शंका अशा. एक, मराठी कसं करायचं? दोन, सेक्रेटरींचा आयफोन आहे, त्यांना पण चालेल का? तीन, प्ले स्टोअरवर टाकायला लागेल का, पैसे किती?


अँड्रॉइडवाला_ऐरोली:

वॉचमनला पुढच्या प्रत्येक स्क्रीनला विचारा. मी हे मनापासून सांगतोय.

मराठीसाठी स्क्रीनवरचे शब्द कोडमध्ये लिहायचे नाहीत, स्ट्रिंग्जच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे, आणि 'व्हॅल्यूज-एमआर' नावाच्या फोल्डरमध्ये तीच फाइल मराठीत. फोन मराठीत असला की अँड्रॉइड आपोआप ती उचलतो. एकच खड्डा आहे आणि तो इंग्रजी कोर्समध्ये कोणी सांगत नाही. फोन मराठीत असला की स्ट्रिंग-फॉरमॅट केलेले, म्हणजे कोडने मजकुरात बदललेले आकडे देवनागरीत येतात. स्क्रीनवर छान दिसतं, पण तीच तारीख डेटाबेसमध्ये किंवा शीटमध्ये गेली की काही नोंदी देवनागरी आकड्यांत, काही इंग्रजी आकड्यांत, आणि तारखेप्रमाणे लावायला गेलात की सगळं विस्कटतं. म्हणून जे साठवायचंय त्याला फॉरमॅट करताना 'लोकेल-रूट' (कुठल्याच भाषेला न बांधलेली सेटिंग) द्यायचं, जे दाखवायचंय त्यालाच मराठी.

आयफोनवर हे चालणार नाही. फ्लटर नावाच्या गूगलच्या साधनाने एकाच कोडमधून दोन्ही होतं, पण आयफोनचं ॲप तयार करायला मॅक लागतोच, वर ॲपलचे दर वर्षी ९९ डॉलर. सेक्रेटरींना नोंद करायची नाहीये, नुसती बघायचीय ना? मग त्यांना गूगल शीट शेअर करा, विषय संपला.

प्ले स्टोअरवर टाकू नका. गूगलची फी एकदाच २५ डॉलर आहे, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. दोन वॉचमनच्या फोनसाठी एवढं कशाला, एपीके स्वतःच्या हाताने टाका. फक्त पहिल्याच दिवशी ॲपवर डिजिटल सही करायची 'की' (किल्ली, म्हणजे एक फाइल) बनवा आणि तिची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. पुढचं अपडेट वेगळ्या कीने सही केलेलं असेल तर ते जुन्यावर बसत नाही, ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि काढलं की फोनमधल्या न पाठवलेल्या नोंदी गेल्या.


कासारवडवलीकर:

समजलं, ती 'की' आजच बनवतो. शेवटचं एक, त्या चार गाड्यांचे नंबर कोडमध्येच लिहू की वेगळं टेबल करू? पुरवठादार बदलला तर गाड्या बदलतील.


अँड्रॉइडवाला_ऐरोली:

वेगळं टेबल. गाडी नंबर, किती लिटरची, कोणाची, आणि 'चालू आहे का' असा एक रकाना. गाडी बंद झाली की ओळ पुसायची नाही, फक्त तो रकाना बदलायचा, म्हणजे बटण जाईल पण जुन्या नोंदी त्या गाडीला जोडलेल्या राहतील. दर मात्र गाडीच्या टेबलमध्ये ठेवू नका. तो प्रत्येक नोंदीबरोबर त्या दिवशीचा लिहा, नाहीतर मे मध्ये दर वाढला की एप्रिलचं बिल पण वाढलेलं दिसेल आणि सभेत तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.