मदत हवी आहे : दर प्रवेशाला प्रेयसी बदलणाऱ्या नायकाचं काय करू?

सांजवात (इंदूर)

नमस्कार मंडळी. रामबागेतून लिहितेय. आमच्याकडे गणपतीत दरवर्षी चाळीस मिनिटांची एकांकिका होते आणि ती लिहायचं काम गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. यंदाचा नायक श्रीरंग. वय तीस, नोकरी बरी, आणि दर प्रवेशात नवी मुलगी. पाच प्रवेश, पाच मुली. लिहिताना मला फार गंमत वाटली. परवा गच्चीवर वाचन झालं आणि गंमत कुठे गेली कळेना. पहिल्या मुलीला हशा, दुसरीला बरा हशा, तिसरीला लोकांनी मोबाइल काढले. चौथ्या प्रवेशात समोरच्या काकूंनी विचारलं, "ही मघाचीच का गं?" श्रीरंग करणारा मुलगा वर म्हणतो, "मावशी, मला पाठांतर एकदम सोपं आहे. सगळ्यांना तेच तर बोलायचंय."

त्याचं खरं आहे. श्रीरंग प्रत्येकीला सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेतो, भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो आणि "तुझ्याइतकं मला कुणी ओळखलंच नाही" म्हणतो. शेवटी त्याचं लग्न लावून देऊ का? उपरती दाखवू? मला दोन्ही नकोसं वाटतंय. दुसरी अडचण म्हणजे बायका तीनच मिळाल्यात, त्यातल्या एका वहिनींना रात्री नऊनंतर घरून परवानगी नाही.

जीरावण

ताई, दोन मुली काढून टाका. प्रश्न मिटला.

सांजवात

अहो, तीन मुली म्हणजे साधा प्रेमाचा त्रिकोण-चौकोन होतो. याला सवय आहे हे कळायला आकडा मोठा हवा.

नाट्यवेडा_बडोदे

'तो मी नव्हेच' बघा परत. लखोबा लोखंडे! एकामागून एक बायका फसवतो आणि प्रेक्षक जागचे हलत नाहीत.

जुना_मास्तर (ग्वाल्हेर)

लखोबा इथे चालायचा नाही. अत्र्यांचं ते नाटक 1962चं, पणशीकर त्यात पाच रूपांत यायचे आणि फिरता रंगमंच होता. लखोबा दर वेळी नवा माणूस होऊन येतो, त्यामुळे आता हा कोण बनून येणार याची ओढ राहते. शिवाय तो भामटा आहे, कोर्टात उभा आहे. सांजवातताईंचा श्रीरंग दर वेळी तोच, बाई नवी. काकू विचारणारच, मघाचीच का म्हणून.

आपल्याकडे या मंडळींची वर्गवारी जुनी आहे. अलंकारशास्त्रात शृंगारातले नायक चार : अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. अनुकूल एकीचाच. दक्षिण अनेकींचा, पण सगळ्यांचं मन सारखं सांभाळणारा. शठाचं मन एकीकडे, गोड बोलणं दुसरीकडे. धृष्ट तर पकडला गेला तरी हसतो. तुमच्या शेजारच्या विदिशेचा राजा घ्या, कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातला अग्निमित्र. थोरली राणी धारिणी, धाकटी इरावती, आणि त्याचं लक्ष मालविकेवर. तिसऱ्या अंकात इरावती त्याला रंगेहाथ पकडते, कमरेची मेखला उगारते आणि राजा पाया पडतो. मुलांना शिकवताना वर्गात हशा व्हायचा तो तिथे. राजाच्या प्रेमाच्या श्लोकांना जांभया.

पण एक फरक लक्षात घ्या. अग्निमित्राला कुणाला सोडावं लागत नाही, राजवाडा मोठा आहे. शेवटी धारिणीच मालविकेचा हात त्याच्या हातात देते. तुमच्या श्रीरंगाला दर वेळी एकीला निरोप द्यावा लागतो. तो कसा देतो? ते तुम्ही लिहिलंय का?

सांजवात

नाही हो सर. अंधार करते आणि पुढची मुलगी येते. आत्ता तुम्ही विचारल्यावर चोरी पकडल्यासारखं झालं.

पावसाळी_चप्पल

माझा वेगळा मुद्दा. हा श्रीरंग म्हणून 'रंगेल'. श्रीरंगी असती तर? तिच्यासाठी कॉलनीत कोणते शब्द निघाले असते ते इथे लिहिता येणार नाहीत. मुलगी करून बघा की.

जीरावण

भिया, मग वर्गणी कोण देणार? 😀

सांजवात

पावसाळी, मनात आलं होतं. पुढच्या वर्षी नक्की. यंदा मुलगा पाठ करून बसलाय.

खर्जातला_सा (बडोदे)

मी पाश्चात्त्य संगीत ऐकणारा, म्हणून तिकडचं सांगतो. या जातीचा मूळपुरुष म्हणजे स्पेनचा डॉन हुआन. सतराव्या शतकात तिर्सो दे मोलिनाच्या नाटकात आला, मग फ्रेंच नाटककार मोलिएरने 1665 मध्ये घेतला. त्याच्यावरचाच मोत्सार्टचा ऑपेरा 'डॉन जोव्हान्नी' प्राग शहरात 1787 मध्ये झाला. त्यात तुमचीच अडचण आहे : बायका दाखवायच्या किती? त्यांनी दाखवल्याच नाहीत. नोकराच्या हातात यादी दिली. लेपोरेल्लो नावाचा हा नोकर मालकाचा हिशेब गाऊन दाखवतो. इटलीत 640, जर्मनीत 231, फ्रान्समध्ये 100, तुर्कस्तानात 91, आणि स्पेनमध्ये? 1003! बेरीज 2065. किराणा दुकानदार उधारी वाचतो ना, तसं.

आता खरी गोम. ही यादी तो वाचतो कुणापुढे? एल्विरापुढे. ती स्पॅनिश, मालकाने टाकलेली, त्या 1003 मधलीच एक. ती उभी राहून ऐकते. आपण हसतो आणि हसता हसता तिच्याकडे बघतो, मग जरा चोरट्यासारखं होतं. पुढे हा गडी एका नवऱ्या मुलीला फितवून घेऊन निघतो, तर हीच एल्विरा मध्ये येऊन पोरीला सोडवते.

ताई, तुमच्या नाटकात मोजणारं कुणी नाही. प्रत्येक मुलीला वाटतं ती पहिली, आणि प्रेक्षकाला एकट्याला आकडा माहीत. रंगमंचावरही कुणाला तरी तो माहीत असू द्या.

सांजवात

सा, थांबा थांबा. आमच्या गेटवर चौकीदार आहे! त्याच्याकडे रजिस्टर असतं. नाव, फ्लॅट नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. श्रीरंगाकडे येणारी प्रत्येक मुलगी त्यात सही करून वर जाणार. म्हणजे यादी तयारच आहे, आणि दोन मुली नुसत्या सहीतच भागतील. नटी तीनच लागतील!

जुना_मास्तर (ग्वाल्हेर)

छान. आणि शेवटची मुलगी सही करताना मागचं पान उलटते.

खंडिता नायिका आठवते का? रात्रभर वाट पाहून सकाळी प्रियकर येतो, तर त्याच्या कपाळावर दुसरीच्या पायाचा अळता, ओठावर दुसरीचं काजळ. बोलायला काही लागतच नाही. तुमच्या श्रीरंगाच्या अंगावर आजच्या काळातला अळता शोधा. लिपस्टिक आणि लांब केस सोडून, ते शंभरदा झालंय.

पावसाळी_चप्पल

हेल्मेट! त्याच्या स्कूटरला जादाचं हेल्मेट लटकलेलं असणार. दर मुलीला तेच. हनुवटीखालचा पट्टा प्रत्येक जण आपल्या मापाचा करून घेते. दुसऱ्या दिवशी ती घालायला जाते तर पट्टा गळ्याला काचतो. काल तर बरोबर बसत होता. ती काही बोलत नाही, पट्टा सैल करते आणि मागे बसते.

(हे मला कसं माहीत ते विचारू नका.)

जीरावण

आता कळलं चप्पल पावसाळी का आहे.

सांजवात

पावसाळी, तुझ्या कंसावर काही बोलत नाही, पण ये कधी पोहे खायला.

काल रात्री बसून निम्मं नवं लिहिलं. अंधार काढला, निरोप दाखवले. श्रीरंगाचं सराफ्याचं वाक्य तेच ठेवलं, पण आता ते तो मुलीला बोलत असतो तेव्हा चौकीदार रजिस्टरवर रेघा मारत ओठ हलवतो. त्याचंही पाठ झालंय. आज वाचनात काकू बरोबर तिथे हसल्या आणि तिसरी मुलगी पट्टा सैल करते तिथे गप्प झाल्या. उपरती-बिपरती काही नाही. शेवटची मुलगी पान उलटते, सगळ्या सह्या वाचते, आपली सही न करता पेन परत ठेवते आणि रिक्षा थांबवते. श्रीरंग वरून हाक मारतोय, "येतेस ना?" चौकीदार वर बघून सांगतो, "भैयाजी, आज एंट्री नहीं हुई." पडदा.

आता एकच मदत. घरचं हेल्मेट आणलं, ते भाचीच्या डोक्यात जातं पण नऊच्या आत घरी जाणाऱ्या वहिनींच्या अंबाड्यावर बसत नाही, आणि त्या अंबाडा सोडायला तयार नाहीत. खजिनदार नवीन घ्यायला पैसे देत नाहीत. इंदुरात कुणाकडे मोठ्या मापाचं जुनं पडलं असेल तर निरोप टाका. पट्टा मात्र चालू हवा. मी येऊन घेऊन जाईन.