नाताळच्या रात्री दोन घरांतील मुलांना कोणती गोष्ट सांगावी?

प्रश्न (जालना)

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. यंदा 24 डिसेंबरच्या रात्री दोन्ही घरांतील मुले आमच्या गच्चीवर जमणार असून गोष्ट सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बाजारातील पुस्तकांत बर्फ, रेनडिअर आणि धुराड्यातून घरात उतरणारा सांताक्लॉज आहे. आमच्या मुलांनी धुराडे पाहिले आहे ते साखर कारखान्याचे, त्यामुळे त्यातून कोणी हसत बाहेर येईल हे त्यांना पटत नाही. सहा वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांना रुचेल अशी गोष्ट कृपया सुचवावी.

उत्तर (बीड, शिक्षिका)

ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला, त्या संत निकोलस यांचीच गोष्ट सांगा. ते चौथ्या शतकात मायरा येथे बिशप होते. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील समुद्राजवळचे देमरे. तेव्हा बर्फाची अडचण आपोआप मिटते. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की एका बापाचे सर्वस्व गेले, तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा उरला नाही आणि त्यांना विकण्याची वेळ आली. निकोलस यांनी रात्री खिडकीतून सोन्याची पिशवी आत टाकली आणि थोरलीचे लग्न झाले. पुढे दुसरीचेही तसेच झाले. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला, पावलांचा आवाज येताच धावत बाहेर आला आणि त्याने त्यांना गाठले. तेव्हा, मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस, एवढेच निकोलस यांनी मागितले. ही तिसरी रात्र सावकाश सांगा, कारण मुले तिथेच कान टवकारतात. मुलीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे आईबाप आमच्या वर्गातील मुलांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे त्या बापाची चिंता त्यांना वेगळी समजवावी लागत नाही.

उत्तर (परभणी)

गोष्ट चांगली आहे, तरी हुंडा मिळाला आणि सारे सुखाचे झाले, हे मुलींसमोर सांगणे मला रुचत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे आणि प्रथा अजून आहेच. त्यापेक्षा पहिल्या महायुद्धातील 1914 चा नाताळ सांगावा. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील आघाडीवर जर्मन सैनिकांनी खंदकांच्या काठावर मेणबत्त्या लावून गाणी म्हटली, समोरच्या ब्रिटिश सैनिकांनी गाण्यानेच उत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी दोन्हीकडचे सैनिक मधल्या जागेत येऊन भेटले. त्यांनी तंबाखू आणि गणवेशाची बटणे एकमेकांना दिली व आपापल्या मृतांना पुरले. तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या आपल्या गढवाल रायफल्सच्या जवानांसमोरही असे घडले होते.

उत्तर (बीड, शिक्षिका)

हुंड्याचा आक्षेप मान्य आहे, परंतु तो भाग गाळू नये. ‘त्या मुलींना कोणी विचारले होते का?’ असे एखादी मुलगी विचारेल, आणि त्याचे उत्तर आजीने द्यावे. खंदकांची गोष्ट मात्र सहा वर्षांच्या मुलाला झोपताना सांगण्याजोगी नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून एक विनंती: येशूच्या जन्माची मूळ गोष्ट मागे पडू देऊ नका. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाची पहिली 20 वचने सावकाश वाचली तरी पाचेक मिनिटांत होतात. नावनोंदणीसाठी दूरच्या गावी निघालेली गरोदर मरिया, उतारशाळेत न मिळालेली जागा, गव्हाणीत निजवलेले बाळ आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ, यांतले आपल्याकडे अनोळखी काहीच नाही. आमच्या मंडळीतील मुले हा प्रसंग सादर करताना मेंढपाळांसाठी धनगरांचेच घोंगडे आणि काठी मागून आणतात, आणि शेतात मेंढ्या बसवलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती रात्र चटकन डोळ्यांसमोर येते.

प्रश्नकर्ता (जालना)

सर्वांचे आभार. लूकमधील भाग शेजारच्या काकू वाचतील, त्यानंतर निकोलस यांची गोष्ट मी सांगेन आणि हुंड्याचा विषय आजीकडे सोपवीन. तिला त्यावर बरेच बोलायचे आहे. 1914 ची हकिकत लहान मुले झोपल्यावर मोठ्यांसाठी ठेवली आहे.