सबव्हर्जनमधील बदल गिटमध्ये आपोआप कसे उतरवावेत?

प्रश्न (लातूर):
नमस्कार. अडत दुकानांच्या पट्टी आणि हमाली-तोलाईच्या हिशेबाची आमची प्रणाली लातूरच्या सर्व्हरवर सबव्हर्जनमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे जुने साधन) आहे. छत्रपती संभाजीनगरच्या नव्या सहकाऱ्यांना गिट (त्याच कामाचे नवे साधन) हवे आहे, तर इथली जुनी मंडळी टॉर्टॉइज (सबव्हर्जन वापरण्याचा खिडक्यांचा प्रोग्राम) सोडायला तयार नाहीत. पोस्ट-कमिट हुकमध्ये (कमिट, म्हणजे बदलाची नोंद, झाल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) ‘गिट एसव्हीएन फेच’ ही सबव्हर्जनमधील बदल गिटमध्ये आणणारी आज्ञा लिहून पाहिली. पण ते संपेपर्यंत कमिट करणाऱ्याची खिडकी तशीच अडकून राहते. दोन्हीकडून कमिट करता येईल अशी व्यवस्था शक्य आहे का?

उत्तर (नांदेड):
शक्य आहे, पण त्या वाटेला जाऊ नका, असेच मी सांगेन. ‘डीकमिट’ (गिटमधील बदल सबव्हर्जनकडे पाठवणारी आज्ञा) केल्यावर गिटमधील प्रत्येक कमिट सबव्हर्जनमध्ये जाते आणि तेथून ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ ही ओळ घेऊन नव्याने लिहिले जाते; साहजिकच त्याचा हॅश (कमिटची ओळख पटवणारा क्रमांक) बदलतो आणि ज्यांनी जुन्या कमिटवर पुढचे काम उभे केले आहे त्यांचा इतिहास वेगळा पडतो. शिवाय सबव्हर्जनचा इतिहास सरळ रेषेत चालतो, त्यामुळे गिटमधील मर्ज (दोन शाखांची जुळणी) तिथे जसेच्या तसे उतरत नाहीत. सबव्हर्जन हेच मूळ माना, गिटची प्रत केवळ वाचनासाठी ठेवा आणि तिथे येणारे इतरांचे पुश (पाठवलेले बदल) प्री-रिसीव्ह हुकने, म्हणजे ते स्वीकारण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टने, नाकारा. संभाजीनगरकरांना हे रुचणार नाही, पण मग त्यांनी एकदाच पूर्ण स्थलांतराचा आग्रह धरावा.

उत्तर (परभणी):
नांदेडकरांशी सहमत. हुक पूर्ण होईपर्यंत क्लायंट थांबून राहतो, म्हणून फेचचे काम हुकमधून काढून क्रॉनकडे (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) द्या. दर पाच मिनिटांनी चालवले तरी पुरे, कारण शेवटची आणलेली रिव्हिजन (सबव्हर्जनमधील क्रमांकित नोंद) गिट-एसव्हीएनच्या लक्षात असते. मध्येच वीज गेली तरी पुढच्या फेरीत ते तिथूनच सुरू होते. आधीची फेरी रेंगाळली असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’ (एका वेळी एकच फेरी चालू देणारे कुलूप) अवश्य लावा. पुश करताना ‘--मिरर’ (सगळे संदर्भ जसेच्या तसे पाठवणारा पर्याय) वापरू नका: आणलेल्या शाखा ‘रेफ्स/रिमोट्स’खाली असतात आणि तशाच पलीकडे जातात. ‘ट्रंक’ (सबव्हर्जनची मुख्य शाखा) गिटच्या कोणत्या शाखेत जाणार हे स्पष्ट लिहून द्या.

प्रश्नकर्ता (लातूर):
आभारी आहे. क्रॉनवर नेले, पण नवा मुलगा रुजू झाला आणि त्याच्या पहिल्याच कमिटला फेच बंद पडले.

उत्तर (परभणी):
ऑथर्स-फाइलमध्ये (सबव्हर्जनच्या लॉगिनला गिटमधील नाव जोडणारी यादी) त्याचे नाव नसणार. ती फाइल दिली असेल आणि त्यात नसलेला लेखक आढळला, तर गिट-एसव्हीएन तिथेच थांबते, आणि ते योग्यच आहे. ‘लॉगिन = पूर्ण नाव <ईमेल>’ अशी ओळ वाढवा. आणखी एक पथ्य: सबव्हर्जनमध्ये जुन्या कमिटचा संदेश मागाहून सुधारता येतो, पण एकदा आणलेली रिव्हिजन फेच पुन्हा वाचत नाही, म्हणून ती दुरुस्ती गिटमध्ये पोहोचणार नाही. संदेश बदलण्याची मुभा देणारा प्री-रेव्हप्रॉप-चेंज हुक मूळ रिपॉझिटरीत असेल, तर तो काढून टाका.