सुताच्या कारखान्याला ‘मिल’ म्हणणं चूकच!

बाळीवेसकर: इंग्रजीत मिल म्हणजे दळायची चक्की. मूळ लॅटिन ‘मोला’, जात्याचा दगड. दाढेला मोलर म्हणतात ते त्यावरूनच. मग आपल्या सोलापूरच्या जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल या सूतगिरण्यांत काय ज्वारी दळत होते? साहेब चुकला आणि आपण गिरवत बसलो. टेक्स्टाइल फॅक्टरी म्हणा.

मागवाला: अर्ध्या माहितीवर साहेबाला शिकवायला निघालात! युरोपात नदीकाठी पाणचक्क्या होत्या, आधी दळणाच्याच. पुढं त्याच चाकाच्या जोरावर लोकरीचं कापड कुटायला लागले, लाकूड चिरायला लागले, कागदाचा लगदा करायला लागले. काम बदललं, नाव तेच राहिलं. इंग्लंडात आर्कराइट नावाच्या कारखानदारानं १७७१ मध्ये क्रॉमफर्ड गावी सूतकताईची यंत्रं पाण्यावर चालवायचं ठरवलं, तीसुद्धा मिलच. १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिली तेव्हा वाफ आली होती, पण नाव कोण बदलतंय? आणि तुमची लाडकी ‘फॅक्टरी’ म्हणजे मुळात वखार ओ! फॅक्टर म्हणजे कंपनीचा अडत्या, तो बसायचा ती फॅक्टरी. इंग्रजांची सुरतेची फॅक्टरी आठवा. तिथं एक माग तरी होता का?

होटगी रोड: मग साखरेचं काय? ऊस खरोखर रोलरमध्ये चिरडतात, त्या खात्याला मिल हाऊसच म्हणतात. बोर्डावर मात्र ‘साखर कारखाना’. जिथं मिल शोभते तिथं कारखाना!

विमानवाला: कारखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, विमानांच्या आड येते म्हणून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली ते बरंच झालं. विमानसेवेला आणखी किती वर्षं थांबायचं होतं?

होटगी रोड: बरं झालं? ऊस तुमचा होता का? आमचा गाळपाला जातो. तुम्ही वर्षातून एकदा विमानात बसणार आणि आम्ही फडात ऊस वाळवत बसायचं?

विमानवाला: धंदा वाढला तर पोरं पुण्याला पळणार नाहीत. फडाच्या पलीकडं बघा जरा.

होटगी रोड: तुम्ही आधी फडात या. मग पलीकडं बघू.

भोंगा: चिमणीवाल्यांनो, दुसरीकडं भांडा. माझे वडील मिलमध्ये बदली कामगार. पहाटे गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत घरी. मिल बंद पडली, देणी राहिली ती राहिलीच. त्यांना कुणी ‘फॅक्टरीत होता का’ विचारलं तर चिडायचे. म्हणायचे, फॅक्टरी एमआयडीसीत असते, मी मिलवाला.

बाळीवेसकर: भावना ठीक, पण वडील चिडायचे हा काय पुरावा झाला?

मागवाला: पुरावा वर दिलाय, तो तुम्ही वाचलाच नाही. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात, लॅटिनवाले नाही. आपण तरी काय वेगळं केलं? पिठाचीही गिरणी, सुताचीही गिरणी.

बाळीवेसकर: बरं बाबा, फॅक्टरी मागं घेतो, खूश? वखारीत कुणाला कामाला लावायचं नाही मला. पण ‘मिल’ला शंभर टक्के बरोबर म्हणणार नाही.

मागवाला: नका म्हणू. रिक्षावाल्याला ‘जुनी टेक्स्टाइल फॅक्टरी’ सांगून बघा, कुठं सोडतो ते कळवा.

विमानवाला: एअरपोर्टला सोडेल.

होटगी रोड: झालं ह्याचं परत सुरू!